महासभेत तुमच्या भागाचा विषय येतोय? नाशिककरांनी काय, कधी आणि कुठे करायचं

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि जवळपास चार वर्षांनी नाशिक महापालिकेच्या सभागृहात पुन्हा १२२ नगरसेवक बसले. मधल्या काळात, म्हणजे मार्च २०२२ पासून, प्रशासक होते. महासभेची (सगळ्या नगरसेवकांच्या सभेची) मंजुरी आणि स्थायी समितीची (तिजोरी सांभाळणाऱ्या छोट्या समितीची) मंजुरी, दोन्ही त्यांच्या एकाच सहीने व्हायच्या. त्यामुळे या काळात शहरात राहायला आलेल्यांनी किंवा नुकतेच मतदार झालेल्यांनी महासभा नावाचा प्रकार पाहिलेलाच नाही. आता मात्र सोसायटीच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं: ‘येत्या महासभेत आपल्या रस्त्याचा विषय’, ‘स्थायीवर घंटागाडीचा ठेका’, ‘अमुक ओपन स्पेसवर सामाजिक सभागृह होणार’. खाली दहा अंगठे पडतात आणि विषय तिथेच संपतो.

आमच्या भागातल्या पावसाळी गटारीच्या आणि एका ओपन स्पेसच्या (लेआउटमध्ये मोकळ्या सोडलेल्या जागेच्या) विषयामागे राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, बरीच ये-जा झाली, त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. महासभेतलं मतदान म्हणजे साखरपुडा; बोलणी त्याआधीच झालेली असतात. तुम्हाला काही बदलून हवं असेल तर ते मतदानाच्या दिवशी होत नाही. ते होतं प्राकलन (कामाच्या खर्चाचा अंदाज) तयार होताना, विषयपत्रिका (सभेपुढच्या विषयांची यादी) निघाल्यानंतरच्या चारपाच दिवसांत, किंवा ठराव झाल्यानंतरच्या पाठपुराव्यात.

१. पैसा कुणाचा आहे ते आधी शोधा

निम्मी धावपळ इथेच वाचते. काम नाशिकमध्ये आहे म्हणजे ते महापालिकेचं आहे, असं मुळीच नाही.

देवळाली कॅम्पचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे. देवळाली गाव मात्र महापालिकेत येतं. भगूर आणि त्र्यंबकला स्वतंत्र नगरपरिषदा आहेत. मुंबई-आग्रा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. गंगापूर धरण जलसंपदा विभागाचं, तिथून येणाऱ्या पिण्याच्या पाण्याची योजना महापालिकेची. आमदार-खासदार निधीतली आणि जिल्हा नियोजन समितीची कामं वेगळ्याच कागदांवर चालतात, मग उद्घाटनाच्या फलकावर फोटो कुणाचेही असोत.

महापालिकेच्या नावाशी जोडलेल्या, पण महासभेत न ठरणाऱ्या गोष्टीही आहेत. स्मार्ट सिटीची कामं एका स्वतंत्र कंपनीच्या संचालक मंडळात ठरत होती. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा स्मार्ट रोड आठवत असेल. लोक नगरसेवकांना जाब विचारत होते आणि निर्णय कंपनीच्या बैठकीत होत होते. सिटीलिंकच्या बसही अशाच कंपनीमार्फत २०२१ पासून धावतात. पण तिथला तोटा महापालिकेच्या तिजोरीतून भरला जातो, म्हणून त्याची तरतूद सभागृहापुढे येते. मार्ग किंवा वेळापत्रकाची तक्रार कंपनीकडे करायची आणि तोट्याचा प्रश्न सभागृहात विचारायला लावायचा, असं हे दुहेरी काम आहे.

आणि सध्याचा सगळ्यात मोठा गोंधळ सिंहस्थाचा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर २०२७ ला नाशिकची अमृतस्नानं. त्यामुळे रस्ते, पूल, घाट, मलजल यांची कामं एकाच वेळी अंगावर आली आहेत. पण २०२५ मध्ये कायदा करून नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन झालं आहे आणि सिंहस्थाच्या मोठ्या कामांचा आराखडा तिकडे ठरतो. अशा कामात महापालिका अनेकदा फक्त काम करून घेणारी यंत्रणा असते. म्हणून कुठल्याही कामाबद्दल पहिला प्रश्न एकच विचारा: ‘याचं लेखाशीर्ष कोणतं?’ लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातलं ते खातं, ज्यातून पैसे जाणार आहेत. या प्रश्नाचं उत्तर मिळालं की कुणाच्या दारात जायचं ते आपोआप कळतं.

२. विषय कोणत्या पटलावर आहे?

महापालिकेत तीन पातळ्या लक्षात ठेवा.

प्रभाग समित्या सहा आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. छोटी, स्थानिक कामं इथे चालतात.

स्थायी समितीत १६ सदस्य असतात. कायद्याने ती आठवड्याला भरायला हवी. तिजोरीची किल्ली इथे असते, म्हणून या समितीत जाण्यासाठी सगळ्या पक्षांत रस्सीखेच चालते. दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे गेल्या वर्षीची यादी घेऊन कुणाला फोन लावत बसू नका.

महासभा म्हणजे सगळे नगरसेवक, पीठासनावर महापौर. समसमान मतं पडली तर महापौरांचं निर्णायक मत असतं. स्वीकृत नगरसेवक बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

नवख्यांना न कळणारी गोष्ट ही की एकच मोठं काम दोनदा मंजुरीला येतं. महासभेत ते येतं प्रशासकीय मान्यतेसाठी: हे काम करायचं का, आणि त्यावर साधारण किती खर्च करायचा. मग निविदा निघते. निविदा उघडल्यावर तेच काम स्थायीवर येतं: कुणाला द्यायचं, कोणत्या दराने. म्हणजे ‘हे सामाजिक सभागृह ओपन स्पेसवर नको’ हे म्हणणं महासभेआधी मांडायचं असतं. स्थायीच्या दारात ते मांडलं तर सभापती सरळ सांगतील की काम आधीच मंजूर आहे, आमच्यापुढे फक्त दर आहे. आणि त्यांचं म्हणणं बरोबर असेल.

३. विषयपत्रिका मिळवा, आणि ती वाचायला शिका

महासभेची नोटीस साधारणपणे सात पूर्ण दिवस आधी निघते. विषयपत्रिका काढण्याचं काम नगरसचिव विभागाचं. आधी महापालिकेच्या संकेतस्थळावर बघा. तिथे नसेल तर राजीव गांधी भवनात नगरसचिव विभागात जा, किंवा तुमच्या प्रभागातल्या एखाद्या नगरसेवकाकडे मागा. त्यांना ती घरपोच जाते. वर्तमानपत्रातल्या बातमीवर भागवू नका. बातमीत विषयाचा अर्थ असतो, तुम्हाला हवी असते त्याची भाषा.

ती भाषा साधारण अशी असते (हा नमुना मी रचलेला आहे): ‘प्रभाग क्र. अमुक मधील तमुक कॉलनी ते नाला पावसाळी गटार टाकणेकामी येणाऱ्या र. रु. इतक्या खर्चास प्रशासकीय मान्यता मिळणेबाबत मा. आयुक्त यांचा प्रस्ताव.’ पहिल्यांदा वाचलं की डोळे गरगरतात. चार गोष्टी शोधा.

एक, कुठून कुठपर्यंत. रस्त्याचं किंवा गटारीचं पहिलं आणि शेवटचं टोक. तुमची गल्ली त्यात आहे असं तुम्हाला वाटतं, पण कागदावर काम दोन चौक आधीच संपलेलं असतं. पावसाळी गटारीत तर शेवटचं टोक हाच सगळा खेळ आहे. पाणी शेवटी कुठे सोडलंय? नाल्यात की दुसऱ्याच्या दारात? वरच्या अंगाची गटार झाली आणि पुढची जोडणी दुसऱ्या प्रस्तावात राहिली, तर पहिल्याच जोरदार पावसात खालच्या गल्लीची तळी होतात.

दोन, शेवटचे शब्द. ‘प्रशासकीय मान्यता’ म्हणजे अजून सगळं व्हायचं आहे, तुम्हाला बोलायला जागा आहे. ‘मुदतवाढ’ म्हणजे जुना ठेकेदारच पुढे चालू राहणार. ‘वाढीव खर्चास मान्यता’ म्हणजे काम सुरू झाल्यावर आकडा फुगला. ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणजे काम किंवा खर्च झालेला आहे, सभागृह आता फक्त शिक्का मारणार. ‘अवलोकनार्थ’ म्हणजे मतदान नाही, माहितीसाठी ठेवलंय. या पाचांतला फरक कळला तरी तुम्ही अर्ध्या सभागृहाच्या बरोबरीला आलात.

तीन, आकडा. तो जीएसटी धरून आहे की वगळून, हे बघा. मोठ्या रकमेत हा फरक लहान नसतो. एकच रस्ता तीनचार तुकड्यांत, वेगवेगळ्या विषय क्रमांकांनी आलाय का हेही तपासा. कधी त्यामागे रास्त कारण असतं, कधी मोठ्या मंजुरीची पायरी चुकवायची असते. कारण विचारायला हरकत नाही.

चार, पानांचा उल्लेख. विषयासमोर प्रस्तावाची जोडलेली पानं दिलेली असतात. खरी माहिती तिथे आहे: अभियंत्याची टिप्पणी, लेखा विभागाचा शेरा, तरतूद शिल्लक आहे की नाही. विषयपत्रिका दोन ओळींची असते, प्रस्ताव दहा पानांचा. लेखा विभागाचा शेरा आधी वाचा, बाकी नंतर.

सापळा इथेच आहे: जादा विषय. मूळ विषयपत्रिकेत नसलेले विषय सभेच्या तोंडावर किंवा थेट सभेत येतात. कुंभमेळ्याच्या घाईत ‘तातडीची बाब’ म्हणून अशा विषयांचं प्रमाण वाढणं साहजिक आहे. म्हणून मूळ पत्रिका बघून ‘आपला विषय नाही’ म्हणत निर्धास्त होऊ नका. सभेच्या आदल्या संध्याकाळी आणि सभेच्या सकाळी, दोन्ही वेळा नगरसचिव विभागात किंवा गटनेत्याच्या (पक्षाच्या सभागृहातल्या नेत्याच्या) कार्यालयात विचारा: जादा विषय आले का?

४. हे कागद आधी जमवा

- विषयपत्रिका आणि तुमच्या विषयाचा पूर्ण प्रस्ताव
- चालू अंदाजपत्रकातलं त्या लेखाशीर्षाचं पान
- जागेचे तारखेसह फोटो; पावसाळी गटारीसाठी पावसातलेच हवेत
- ओपन स्पेस किंवा आरक्षणाचा विषय असेल तर मंजूर अभिन्यासाची (लेआउटची) प्रत आणि विकास आराखड्यातला त्या भागाचा नकाशा
- सोसायटीचा ठराव किंवा रहिवाशांच्या सह्या. सहीसमोर घर क्रमांक हवा
- यापूर्वी केलेल्या तक्रारींचे क्रमांक (एनएमसी ई-कनेक्ट ॲपवरच्या असल्या तरी चालतात)
- निवेदनाच्या किमान दोन प्रती, एक त्यांना आणि एक पोच म्हणून तुम्हाला

आता माहिती अधिकाराबद्दल, कारण पहिला सल्ला सगळे तोच देतात. अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. पण उत्तराची मुदत ३० दिवसांची आणि सभा सात दिवसांवर! मतदानाआधी माहिती अधिकाराचा उपयोग जवळजवळ शून्य. तो नंतरसाठी ठेवा.

आधी उपयोगाला येतं ते सोमवारचं अभिलेख अवलोकन. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना नोंदी पाहायला मिळाल्या पाहिजेत. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. प्राकलन, नकाशे, मोजमाप पुस्तिका समोर ठेवून पाहता येतात. परिपत्रकाची एक प्रत पिशवीत असू द्या. खिडकीपलीकडच्या माणसाला ते माहीत नसेल, तर वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं पडतं.

५. निवेदन द्या, पण चौघांनाही

आपल्याकडे बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. ३१ पैकी फक्त दोनच प्रभाग प्रत्येकी तीन सदस्यांचे. चार नगरसेवक म्हणजे चौपट काम, असं वाटतं. प्रत्यक्षात ‘तो भाग ताई बघतात’, ‘ते काम अण्णांनी सुचवलंय’ असं ऐकायला मिळतं. म्हणून निवेदन चौघांच्या नावे, एकाच कागदावर, आणि चौघांनाही स्वतंत्र द्या. प्रत महापौर, आयुक्त आणि शहर अभियंत्यांना. आवक-जावकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ‘साहेबांना व्हॉट्सॲप करून ठेवा’ हे सौजन्य असतं. ती पोच नव्हे.

निवेदन एका पानाचं हवं. वर विषय क्रमांक आणि सभेची तारीख, मग काय हवं ते एका वाक्यात, मग कारणं. ‘विषय रद्द करा’ ही मागणी सहसा पडते. त्यात कुणाचं तरी श्रेय बुडत असतं. ‘गटारीचं शेवटचं टोक अमुक ठिकाणाऐवजी नाल्यापर्यंत घ्यावं, अशी उपसूचना मांडावी’ ही मागणी टिकते. उपसूचना म्हणजे प्रस्ताव मंजूर करतानाच त्यात सुचवलेला बदल. तिला सूचक आणि अनुमोदक लागतात, म्हणजे दोन नगरसेवक. उपसूचनेचं वाक्य तुम्हीच नीट लिहून द्या. सभागृहाच्या गलक्यात कुणी नव्याने वाक्य जुळवत बसत नाही. हातात तयार चिठ्ठी असेल तर ती वाचली जाते. आमच्या गटारीच्या बाबतीत हेच कामाला आलं.

नगरसेवकाला लेखी प्रश्न विचारण्याचाही हक्क आहे आणि प्रशासनाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. हा मार्ग संथ आहे, पण आलेलं उत्तर अधिकृत असतं.

पक्षादेश (व्हिप) निघाला असेल तर तुमचा नगरसेवक मनातून तुमच्या बाजूचा असला तरी हात वर करणार नाही. पक्षांतरबंदीचा १९८६ चा कायदा त्यांनाही लागू आहे, पद जाऊ शकतं. अशा वेळी त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. गटनेत्याला भेटा, तेही पक्षाची बैठक होण्याआधी. सभेच्या सकाळी भेटलात तर चहा मिळेल.

कायद्याने जिथे हरकती मागवल्या जातात (झाडं तोडणं, विकास आराखड्यातलं आरक्षण बदलणं) तिथे मात्र नगरसेवकावर विसंबू नका. नोटिशीच्या मुदतीत स्वतःच्या नावाने लेखी हरकत द्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्याच्या नोटिशीवर नाशिककरांनी शेकडोंनी हरकती नोंदवल्या आणि प्रकरण हरित लवाद व उच्च न्यायालयापर्यंत गेलं. मुदतीत दिलेल्या हरकतीला सुनावणी द्यावी लागते. मुदत उलटल्यावर काढलेल्या मोर्चाला तसं काही बंधन नसतं.

कायद्यात क्षेत्रसभाही आहेत, म्हणजे मतदारांनी प्रभागातल्या कामांचा प्राधान्यक्रम सुचवण्याची जागा. प्रत्यक्षात त्या क्वचितच भरतात. मागणी करून बघा, पण त्यावर बेत आखू नका.

६. सभेला जाऊन बसा

महासभा नागरिकांसाठी खुली असते. सभागृहाने बहुमताने ठराव करून बंद बैठक ठरवली तरच बाहेर जावं लागतं. स्थायीच्या सभेसाठी असा सरसकट हक्क गृहीत धरू नका, आधी विचारा. ओळखपत्र जवळ ठेवा, प्रवेशपासाची चौकशी आदल्या दिवशी करा. गॅलरीतून बोलता येत नाही, घोषणा दिल्या तर बाहेर काढतात.

डबा घेऊन जा. हे चेष्टेने लिहीत नाही. सभा उशिरा सुरू होते, आणि एखाद्या मान्यवराच्या निधनाचा दुखवट्याचा ठराव होऊन तहकूबही होते. तहकूब सभा पुन्हा कधी, हे तिथून निघण्याआधीच विचारून घ्या. त्या सभेसाठी नव्याने सात दिवसांच्या नोटिशीची वाट बघत बसलात, तर ती होऊनही गेलेली असेल.

बहुतेक विषय आवाजी मतदानाने जातात. महापौर विषय क्रमांक वाचतात, बाकांवरून ‘मंजूर, मंजूर’ येतं, पुढचा क्रमांक. सलग दहाबारा विषय एका दमात गेले तर तुमचा कोणता ते कळणारही नाही, म्हणून पत्रिका हातात ठेवून पेनाने खूण करत जा. तुमच्या विषयाचं काय झालं ते महापौरांच्या तोंडून आलेल्या शब्दांत लिहून घ्या: मंजूर, उपसूचनेसह मंजूर, तहकूब, फेटाळला, की प्रशासनाकडे परत. विरोध असेल तर सदस्य मतविभागणी (बाजूची आणि विरोधातली मतं मोजणं) मागू शकतात, आणि ती झाली तरच कुणी काय मत दिलं त्याची नोंद राहते.

७. मंजूर झालं, आता खरी धावपळ

पहिलं काम ठरावाची प्रत मिळवणं. सभागृहात बोललेलं आणि ठरावात लिहिलेलं यांत तफावत असल्याचे आरोप राज्यातल्या महापालिकांना नवे नाहीत. तुमच्या उपसूचनेचं वाक्य शब्दशः ठरावात उतरलंय का, ते बघा. इतिवृत्त (सभेच्या कामकाजाची लेखी नोंद) पुढच्या सभेत कायम होतं. दुरुस्ती सुचवायची तर त्याआधीच, नगरसेवकामार्फत. माहिती अधिकाराचा अर्ज टाकायची वेळही हीच.

महासभेने ठराव केला म्हणजे तो अमलात येतोच, असंही नाही. ठराव कायद्याविरुद्ध किंवा महापालिकेच्या हिताविरुद्ध वाटला तर आयुक्त तो राज्य शासनाकडे पाठवू शकतात, आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली शासन तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं. मग निवेदनाचा पत्ता बदलतो: मुंबई, नगरविकास विभाग.

पुढची साखळी अशी: तांत्रिक मान्यता, निविदा, स्थायीची दर मंजुरी, करारनामा, कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश). निविदा महाटेंडर्स या शासनाच्या पोर्टलवर दिसते. तिथली कामाची कागदपत्रं उतरवून घ्या आणि ठरावाशी ताडून बघा. लांबी तीच आहे का? पाइपचा व्यास तोच आहे का? मंजुरीत एक आणि निविदेत दुसरं, हे लक्षात आलं तर निविदा उघडण्याआधी शहर अभियंत्यांना लेखी कळवा. उघडल्यानंतर ‘आता फेरनिविदा काढावी लागेल, काम लांबेल’ हे उत्तर तयार असतं, आणि ते ऐकून कॉलनीतले लोक तुमच्यावरच चिडतात.

काम सुरू झालं की जागेवर फलक लागला पाहिजे: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत. त्याचा फोटो काढा. करारातला दोष दायित्व कालावधी किती आहे ते विचारून लिहून ठेवा. तेवढ्या काळात काम बिघडलं तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. ही मुदत संपल्यावर तीच दुरुस्ती नवा प्रस्ताव म्हणून पुन्हा महापालिकेच्या खर्चाने येते.

८. पुढच्या वर्षाचं काम हवं असेल तर अंदाजपत्रकाचे दिवस चुकवू नका

नाशिक महापालिकेचं अंदाजपत्रक आता ३,००० कोटींच्या आसपास असतं. आयुक्त ते स्थायीला सादर करतात, स्थायी त्यात भर घालते आणि मग ते महासभेत जातं. नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. म्हणजे तुमची मागणी विभागीय कार्यालयातल्या अभियंत्याकडे पोहोचायला हवी ती दिवाळीनंतर लगेच. खातेप्रमुख आपापली मागणी नोंदवतात तेव्हा त्यात तुमचं काम नसेल, तर पुढे ते घुसवायला राजकीय वजन लागतं.

कराचे दर मात्र त्याआधीच ठरतात. कायद्याप्रमाणे २० फेब्रुवारीच्या आत महासभेने पुढच्या वर्षाचे दर निश्चित करायचे असतात. घरपट्टी-पाणीपट्टीवर बोलायचं असेल तर मार्चची वाट बघू नका. आणि दर हा एक भाग झाला. ज्या मूल्यावर दर लागतो ते करयोग्य मूल्य वेगळं, आणि त्यात आयुक्तांचा हात मोठा असतो. २०१८ मध्ये याच मूल्यवाढीवरून महासभा आणि आयुक्त समोरासमोर आले, अविश्वास प्रस्तावापर्यंत गोष्ट गेली आणि शेवटी मुख्यमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं.

अंदाजपत्रकात तुमच्या कामाचं नाव छापून आलं तरी पेढे वाटू नका. आधी नावासमोरचा आकडा बघा. कोटीच्या पुलासमोर लाखभर रुपये असतील तर ती टोकन तरतूद आहे: काम यादीत राहावं म्हणून ठेवलेली, यंदा होणार नाही. दुसरं बघायचं ते ‘दायित्व’. आधीच्या वर्षांत हाती घेतलेल्या कामांची अजून चुकती न केलेली बिलं म्हणजे दायित्व. एखाद्या लेखाशीर्षात भरघोस तरतूद दिसते, पण तिचा मोठा भाग जुन्या बिलांतच जाणार असतो. स्थायी आणि महासभेत नगरसेवकांच्या मागणीवरून कोटींची भर पडते तेव्हा जमेची बाजूही तेवढीच फुगवलेली आहे का, हे बघा. उत्पन्न कागदावर वाढवून बसवलेली कामं सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ‘निधी उपलब्ध नाही’ या शेऱ्यासह परत येतात.

हे तपासायला लेखापाल असण्याची गरज नाही. अंदाजपत्रकाच्या त्याच पानावर शेजारी रकाने असतात: मागच्या वर्षाचं मूळ अंदाजपत्रक, सुधारित अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च. मूळ तरतूद मोठी, सुधारितमध्ये कात्री आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी, असं सलग दोनतीन वर्षं दिसलं, तर त्या लेखाशीर्षावर काम टाकायला सांगू नका. ज्या खात्यात पैसा खरोखर खर्च होतो ते शोधा आणि नगरसेवकांना निवेदनात तेच लेखाशीर्ष लिहून द्या.